तपासी अंमलदाराला शिकायला रजा द्या

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पोलीस खात्यात 34 वर्षं काढून मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. बहुतेक सगळी नोकरी सिंधुदुर्ग नि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या ठाण्यांत झाली. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हापासून हे पत्र लिहायचं मनात आहे.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वीचा आषाढ. बांधावरून भावकीत भांडण झालं, कोयतीचा घाव बसून एक तरुण पोरगा गेला. संशयिताचा रक्ताने माखलेला शर्ट गोठ्यामागे सापडला. वीज गेलेली, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. पडवीत बॅटरीच्या उजेडात मी पंचनामा लिहिला, शेजारच्या दुकानातून प्लास्टिकची पिशवी मागवली, ओला शर्ट तिच्यात घातला, लाख लावून सील केलं, लेबलावर पंचांच्या सह्या घेतल्या. पार्सल मुद्देमाल खोलीत अकरा दिवस पडून राहिलं, कारण प्रयोगशाळेपर्यंत जायला माणूस मोकळा नव्हता आणि गाडीही नव्हती. अहवाल आला तो एवढाच : बुरशीमुळे रक्तगट ठरवता येत नाही.

खटला उभा राहिला तेव्हा पार्सल कोर्टात उघडलं. तो कुबट वास मला आजही येतो. कॉलरपासून खिशापर्यंत हिरवी-काळी बुरशी, आणि डाग कुठला नि बुरशी कुठली ते माझं मलाच सांगता येईना. बचावाच्या वकिलांनी उलटतपासात एकच विचारलं, ‘ओलं कापड प्लास्टिकमध्ये ठेवू नये हे तुम्हाला ठाऊक होतं का?’ मी खरं ते सांगितलं, ठाऊक नव्हतं. पंच आधीच फितूर झाले होते. संशयाचा फायदा देऊन आरोपी सुटला. बाहेर पायरीवर बसलेल्या त्या पोराच्या आईने मला विचारलं, ‘तो शर्ट तुमीच न्हेललास मां? मगे तेचा झाला काय?’

रक्ताचं कापड सावलीत वाळवायचं, प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या कागदात गुंडाळायची, हे पुढे तीन दिवसांच्या उजळणी वर्गात एका ओळीत कळलं. पण आषाढात आमच्याकडे घरातलं धुतलेलं कापड चार दिवस वाळत नाही. ठाण्यात ते वाळवायचं कुठे? बंद खोलीत, पंख्याखाली, खाली कोरा कागद अंथरून, एकाचा डाग दुसऱ्याला लागणार नाही अशा अंतरावर, आणि खोलीची किल्ली कोणाकडे होती याची नोंद ठेवून. हे शिकवायला शिकवणारा जाणकार हवा आणि शिकणाऱ्याला निवांतपणा हवा.

समुद्राचं तेच. किनाऱ्याला लागलेली प्रेतं मी किती पाहिली त्याचा हिशेब नाही. आठवडाभर पाण्यात राहिलेल्या देहाची हाताची कातडी मोज्यासारखी सुटून येते. ती टाकून न देता तिच्यावरूनही बोटांचे ठसे घेता येतात, हे मला ग्रामीण रुग्णालयातल्या एका डॉक्टरांनी दाखवलं. माणूस बुडून मेला की मारून पाण्यात टाकला, हे ठरवायला हाडाच्या मगजात डायटम नावाचे पाण्यातले सूक्ष्म जीव शोधतात. पण ताडून पाहायला त्या जागेचं पाणीही बाटलीत भरून पाठवावं लागतं. खाडीचं पाणी वेगळं, विहिरीचं वेगळं. आम्ही आकस्मिक मृत्यूच्या कागदांत पाण्याची खोली लिहायचो, पाणी मात्र कधी घेतलं नाही.

आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. त्याच्या अंमलासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तज्ज्ञ यावेत, जरूर यावेत. पण घाटातून किंवा जिल्ह्याच्या गावाहून ते पोचेपर्यंत पावसात ती जागा राखणारा हवालदारच असतो. कलम 105 ने झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं, तेही शक्यतो मोबाइलवर. पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे साक्ष अधिनियमाच्या, कलम 63 प्रमाणे त्या चित्रफितीसोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे त्या फाइलचा जणू अंगठा. आतलं काही बदललं की तोही बदलतो. हे मला माझ्या भाच्याने समजावलं, खात्याने नाही. प्रमाणपत्राशिवाय असा इलेक्ट्रॉनिक पुरावा ग्राह्य धरत नाहीत, हे जालन्याच्या निवडणूक याचिकेवरच्या 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात स्पष्ट आहे.

त्याच न्यायालयाने 2014 मध्ये गुजरात सरकार विरुद्ध किशनभाई या खटल्यात सांगून ठेवलंय की प्रत्येक निर्दोष सुटकेचा अभ्यास करा, तपासातल्या चुका शोधा आणि त्यांतूनच प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम बनवा. सहा वर्षांच्या मुलीच्या खुनाचा तो खटला होता आणि तपासातल्या ढिलाईमुळे आरोपी सुटला होता. माझ्या खटल्यात सुटका झाली तेव्हा किंवा नंतरही मला बोलावून ‘काय चुकलं’ असं कोणी विचारलं नाही.

शिकायची इच्छा आमच्या लोकांत आहे. मुक्त विद्यापीठातून रात्रपाळी करत पदवी घेतलेले शिपाई प्रत्येक ठाण्यात सापडतील. माझ्या ओळखीच्या एका तरुण उपनिरीक्षक मुलीने स्वतःच्या खर्चाने न्यायवैद्यक शास्त्राच्या पदविकेला नाव घातलं. परीक्षा नेमकी गणपतीत आली. चाकरमान्यांच्या गाड्या, विसर्जन, बंदोबस्त, रजा नामंजूर. पुढच्या वर्षी तिने नाव घातलंच नाही. गणपतीत माणसं लागतात हे मला कोणी सांगायला नको. पण ती परीक्षा खात्याच्या वेळापत्रकात कुठेच नव्हती, ती तिची खासगी हौस धरली गेली, याचा मला राग आहे.

गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ 2020 पासून आहे. देवगडच्या हवालदाराला ते दूर आहे, आणि तिथली इंग्रजीही. मुंबई विद्यापीठाचा रत्नागिरीला उपपरिसर आहे, नाशिकला पोलीस अकादमी आहे. दोघांनी मिळून नोकरीतल्या तपासी अंमलदारांसाठी वर्षभराचा विद्यापीठीय अभ्यासक्रम मराठीत काढावा. वर्ग गणपती, शिमगा टाळून ठेवावेत, अभ्यासाचे दिवस कर्तव्यावर धरावेत आणि बढतीच्या वेळी त्या पदविकेला गुण मिळावेत. जबाब कसा घ्यायचा हेही त्यात नीट शिकवावं. इंग्लंडमध्ये खोट्या कबुल्यांवर वर्षानुवर्षं तुरुंगात राहिलेली निरपराध माणसं 1989 आणि 1991 मध्ये सुटली, तेव्हा कुठे तिथल्या पोलिसांनी चौकशीची पद्धत बदलली. आपल्याकडे पोलिसांसमोरचा कबुलीजबाब मुळात पुराव्यात चालतच नाही, तरी अर्धा तपास त्याच्याच मागे धावण्यात जातो.

रत्नागिरीत असा वर्ग सुरू झालाच तर मी स्वखर्चाने येईन. त्या खटल्याच्या निकालपत्राची प्रत माझ्या ट्रंकेत जपून ठेवली आहे. शर्टाचा मजकूर चौदाव्या पानावर आहे. ते पान वाचून दाखवीन आणि पोरं जे विचारतील त्याची उत्तरं देईन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त सहायक फौजदार, ता. देवगड
(नाव छापू नये ही विनंती.)