सूचना : कोजागिरीच्या सहभोजनाबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, यंदाचे कोजागिरीचे सहभोजन गणपतीपुळे येथे, समुद्रालगतच्या रिसॉर्टच्या उपाहारगृहात योजले असून, ज्या दांपत्यांच्या विवाहाला यंदा 50 वर्षे पूर्ण झाली, त्यांचा सत्कारही त्याच वेळी होईल. सूर्य समोर समुद्रात मावळतो आणि पौर्णिमेचा चंद्र मागच्या डोंगराकडून वर येतो. ही दोन्ही दृश्ये ज्येष्ठांना बसल्या जागी पाहता यावीत, यासाठी सर्वांनी साडेपाचपर्यंत अवश्य पोहोचावे.

मासळी त्या दिवशीच्या आवकेनुसार ठरते. सुरमई वा पापलेट मिळेलच असे गृहीत धरू नये आणि दर आकारमानाप्रमाणे लागत असल्याने तो आधी विचारून घ्यावा. शाकाहारी तसेच उपवास करणाऱ्या सभासदांसाठी वेगळी पंगत व वेगळी भांडी असावीत, असा आमचा आग्रह आहे. कोळंबी, तिसऱ्या किंवा सुक्या मेव्याचे वावडे असलेल्यांनी नाव नोंदवतानाच तसे कळवावे, कारण मसाला दुधात बदाम-पिस्ते असतातच.

किनाऱ्यावर वारा असतो, म्हणून उघड्या मेणबत्त्यांऐवजी काचेचे कंदील ठेवावेत आणि सोबत शाल आणावी. पौर्णिमेला भरती मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण होते, म्हणजे जेवण चालू असताना पाणी चढतच असते. येथील समुद्र पोहण्यास धोकादायक आहे, त्यामुळे जेवणानंतर कोणीही, विशेषतः मुलांनी, पाण्यात उतरू नये.

आपल्या कार्यवाहांकडे नावे लवकर नोंदवावीत.