डोळ्यातला लाल डाग

महोदय,
डोळ्याच्या पांढऱ्या भागात कुंकू सांडल्यासारखा डाग दिसला, की मेडिकलमधून डोळे आल्याचे थेंब आणायचे, ही आपली रीत. पण हा डाग बहुधा रक्तस्रावाचा असतो; जोरात खोकल्याने किंवा शिंकेनेही तो होतो आणि दोनेक आठवड्यांत आपोआप विरतो. पण डाग पुन्हापुन्हा उमटत असेल, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत असेल, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके असतील, तर डॉक्टरांना दाखवून सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) करून घ्यावी. त्यात प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, साधारण दीड ते साडेचार लाख हव्यात. त्या फार घसरण्यामागे आयटीपी (शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते तो आजार), ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) किंवा पावसाळ्यात डेंग्यूही असू शकतो. तोवर मनाने ॲस्पिरिन नकोच. चष्म्याचे नंबर काढणाऱ्या शिबिरांत हिरड्यांबद्दल एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?
– एक वाचक, सातारा