मॅडम, तुमच्या ४७ नंबरच्या झाडाबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. नाव टाकू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं मॅडम. तरी जाहीर लिहितेय, कारण दुसऱ्या संशोधकांकडे त्यांच्या प्रयोगाचे आकडे मागायला संकोचणारी माझ्यासारखी पोरं लातूर-परभणीला बरीच आहेत.

माझ्या एमएस्सीचा विषय तुरीचा वांझ रोग. आमच्या बदनापूरकडच्या शेतात तो लहानपणापासून बघतेय: झाड हिरवंगार, झुपकेदार, पण फूल नाही की शेंग नाही. बाबा म्हणतात, "नुसतं पाल्याचं सोंग." रोग विषाणूचा, आणि तो झाडाझाडांवर नेणारा कोळी साध्या डोळ्यांना दिसतही नाही. रोगाला दाद न देणाऱ्या जनुकांजवळची खूण, म्हणजे मार्कर, शोधायची तर आमची मूठभर झाडं पुरत नव्हती. दोन ठिकाणी आकडे मागितले. एकीकडून उत्तर नाही, दुसरीकडून "पेपर छापून येऊ दे, मग बघू." तुम्ही दुसऱ्याच दिवशी तुमच्या झाडांच्या मार्करांची अख्खी फाईल धाडलीत, रिकाम्या चौकटींसकट.

उघडली आणि घाम फुटला. एसएसआर मार्करमध्ये डीएनएची तीच ती अक्षरं किती वेळा लागोपाठ येतात, त्यावरून तुकड्याची लांबी ठरते. एका मार्करला तुमच्याकडे १८६ अक्षरं, आमच्या मशीनवर १८८. पण तुम्ही प्रत्येक मार्करपुढे 'आशा' वाणाचाही आकडा दिला होता. २०११ साली तुरीचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, जाहीर झाला तो याच वाणाचा. आम्ही आशाचं बी मिळवलं, डीएनए काढून चालवला. तिथंही त्या मार्करला दोनाचाच फरक! तेवढे वजा केले आणि तक्ते जुळले. मशीन बदललं की असं होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग ४७. बाकीच्या झाडांना एकेक लांबी, याला दोन. चूक समजून ती ओळ खोडणारच होते. तेवढ्यात तुम्ही जोडलेला नोंदवहीचा फोटो पाहिला. पेन्सिलीनं लिहिलेलं: "४७ – शेंगेवर जांभळ्या रेघा, ओळीत इतरांना नाहीत. मधमाश्या?" तुरीत मधमाश्या परागकण इकडचे तिकडे करतातच. म्हणजे झाड संकरित, एकेक लांबी एकेका पालकाकडून, आकडा बरोबर. त्याच पानावर खाली: "१२ आणि २१ च्या नळ्या बहुतेक अदलाबदल. माझी चूक." हे वाक्य मी पाच-सहा वेळा वाचलं असेल. छापील पेपरात असलं काही सापडत नाही, आणि माझं निम्मं काम त्या एका पानानं वाचवलं.

परवा माझीही फाईल तुम्हाला पाठवली आहे, नोंदवहीच्या फोटोंसकट. ९ नंबरपुढे "लेबल पावसात पुसलं" लिहिलंय ते खरंय. ते झाड धरू नका. बाबांनी घरची तूरडाळ काढून ठेवलीय, पत्ता तेवढा कळवा.

तुमची,
लातूरहून एक विद्यार्थिनी