विकास मंडळाच्या सदस्याला काढताना निदान कारण तरी लिहा : मा. राज्यपालांना खुले पत्र

मा. राज्यपाल महोदय,
सविनय नमस्कार.

तालुक्याच्या एका सरकारी समितीवर मी अशासकीय सदस्य होतो. एका बैठकीत टँकरच्या खेपांचं लॉगबुक मागितलं. पुढच्या बैठकीच्या नोटिशीत माझं नावच नव्हतं. कचेरीत गेलो तर बाबूंनी फाईल उलटून दाखवली. नावावर लाल शाईची आडवी रेघ, शेजारी सही, कारण कुठेच नाही. "वरून आलंय," म्हणाले.

पद काय, आज आहे उद्या नाही. पण चार-चार दिवस घागरी रांगेत ठेवून बसणाऱ्या बायकांचा प्रश्नही त्याच रेघेखाली गेला, ते अजून टोचतं.

म्हणून मराठवाड्याचा विकासातला अनुशेष, म्हणजे मागे राहिलेलं काम, सरकारपुढे मांडणाऱ्या मराठवाडा वैधानिक विकास मंडळाबद्दल लिहितो आहे. स्वातंत्र्यसैनिक गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, ते मंडळ संविधानाच्या कलम 371(2) खाली 1994 मध्ये आलं आणि 30 एप्रिल 2020 ला मुदत संपून थांबलं. 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा निर्णय घेतला. पण मंडळाच्या 1994 च्या आदेशानुसार सदस्य पदावर राहतो तो राज्यपालांची मर्जी असेपर्यंत. सिंचनाच्या अनुशेषाचा हिशेब सरकारलाच विचारायचा, आणि बसायचं मर्जीवर, हे कसं जमावं?

लोकसेवा आयोगाच्या सदस्याला गैरवर्तनासाठी काढायचं तर कलम 317 प्रमाणे आधी सर्वोच्च न्यायालयाची चौकशी लागते. राज्य माहिती आयुक्तांनाही माहिती अधिकार कायद्याच्या कलम 17 ने तसंच कवच दिलं आहे. आमचं मागणं त्याहून पुष्कळ लहान आहे.

महोदय, आपलं पदही राष्ट्रपतींच्या मर्जीवरच आहे. तरी 2010 मध्ये बी. पी. सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की राज्यपालांना मनमानीने हटवता येणार नाही. कारण कळवलं नाही तरी ते सबळ असलंच पाहिजे. मंडळाच्या सदस्याला त्याहून एक पाऊल पुढचं संरक्षण द्या. लेखी नोटीस, पंधरा दिवसांत म्हणणं मांडायची संधी आणि कारणासह आदेश, जो मंडळाच्या कार्यालयाबाहेर फलकावर लागेल. बैठकांना फिरकतच नाही त्यालाही याच रीतीने काढा, खुशाल काढा. आणि रिकामी जागा तीन महिन्यांत भरा, नाहीतर खुर्ची रिकामी ठेवूनही तोंड बंद करता येतं.

आमच्याकडचं ते लॉगबुक मला आजवर पाहायला मिळालेलं नाही.

आपला,
अंबड तालुक्यातील एक शेतकरी