केरसुणी मागे पडली ती फरशीमुळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती उपकरणांच्या इतिहासावर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखाचा सूर असा आहे, की व्हॅक्यूम क्लीनरने केरसुणीला घराबाहेर काढले. निदान महाराष्ट्रापुरते हे पटत नाही. केरसुणी मागे पडली ती घरातली जमीन बदलल्यामुळे. यंत्र त्यानंतर बऱ्याच उशिरा आले आणि आजही ते थोड्याच घरांत आहे.

ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ साली इंग्लंडमध्ये हवेबरोबर धूळ ओढून घेणारे यंत्र केले, ते जड गालिच्यांतली धूळ निघत नव्हती म्हणून. आपल्याकडची जाजमे-सतरंज्या उचलून अंगणात झटकता येत. आपला प्रश्न सारवलेल्या जमिनीचा होता. तिच्यावर खराटा फिरवला तर पोपडे निघतात, म्हणून घरात शिंदीच्या पानांची केरसुणी आणि अंगणात खराटा अशी वाटणी ठरलेली असे. त्यातही कोकणातला खराटा माडाच्या झावळ्यांच्या हिरांचा, तर मराठवाडा-विदर्भाकडचा तुराट्यांचा. जात्याभोवतीचे पीठ गोळा करण्यासाठी लहान कुंचा वेगळा ठेवत आणि त्याला केर लागू नये याबाबत घरातल्या वडीलधाऱ्या बायका फार काटेकोर असत. जळमटांसाठी मात्र जुनी केरसुणी काठीला बांधली की भागत असे.

शहाबादी फरशी आणि पुढे गुळगुळीत लाद्या आल्या, तशी शिंदीच्या ताठ पात्यांमधून बारीक धूळ मागे राहू लागली आणि मेघालय-आसामच्या डोंगरांत वाढणाऱ्या गवताच्या मऊ तुऱ्यांचा फुलझाडू घरोघरी रुळला. यात नुकसान झाले ते प्रामुख्याने मातंग समाजातील कारागिरांचे. बलुतेदारीत दोरखंडांबरोबर केरसुण्या पुरवण्याचे काम त्यांच्याकडे असे आणि त्याचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने मिळे. ती व्यवस्था न्यायाची होती असे मी मुळीच म्हणणार नाही, पण कामाला वर्षभर मागणी तरी होती. आता ती मुख्यतः लक्ष्मीपूजनापुरती उरली असून, हळद-कुंकू वाहिलेली नवी केरसुणी पुष्कळ घरांत दुसऱ्याच दिवशी कपाटामागे जाते.

लेखात परदेशी संशोधकांची नावे आणि सनावळ्या आहेत. शिंदीची पाने तोडून, वाळवून, चिरून त्यांची मूठ आवळणाऱ्यांविषयी एक ओळही नाही. हे काम आजही करणाऱ्या कारागिरांशी बोलून पुढचा लेख लिहिला जावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा