पणनमंत्री, सोयाबीन वाळवायचे कुठे?

मा. पणनमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

सप्रेम नमस्कार.

२०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये जाहीर झाला. आदल्या वर्षी तो ४८९२ होता. वाढीबद्दल तक्रार नाही. पण हा भाव मिळायला दाण्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, आणि हे पत्र तेवढ्या एकाच अटीबद्दल आहे. खाद्यतेलाच्या आयातीवर शुल्क किती असावे वगैरे विषय दिल्लीचे. वाळवण मात्र तुमच्या हातातली गोष्ट आहे.

आम्ही लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले. जमीन घरची, राबणारी माणसे घरची, कापणीला तेवढी बाहेरची टोळी. जूनअखेर पेरलेले सोयाबीन शंभरेक दिवसांनी काढणीला येते आणि परतीचा पाऊस नेमका तेव्हाच गाठतो. शेतात वाळू द्यावे तर ऊन पडताच शेंगा तडकून दाणे रानातच सांडतात. घाई करावी तर दाणा ओला. परभणी विद्यापीठाच्या एमएयूएस ७१ सारख्या वाणाच्या शेंगा लवकर फुटत नाहीत, हा त्यातला दिलासा, पण पावसापुढे त्याचाही इलाज नाही. कापून गंजी लावली, वर ताडपत्री ओढली, तरी खालून ओल चढतेच. मळणी यंत्राची पाळी काही आपल्या सोयीने येत नाही. हार्वेस्टर लावावा तर चिखलात तो शिरत नाही.

मळून पोत्यात आले तरी दाण्यात चौदा ते सतरा टक्के ओलावा असतो. तो बारावर आणायला दोन-तीन दिवस कडक ऊन आणि पसरायला कोरडी जागा हवी. ऊन देवाच्या हाती. जागेचे म्हणाल तर सारवलेली खळी केव्हाच मोडली. गच्चीवर मावते तेवढे मावते, उरलेले डांबरी रस्त्यावर. काढणीच्या दिवसांत आमच्याकडच्या कोणत्याही रस्त्याने या, अर्धा रस्ता सोयाबीनने अडलेला आणि कडेने दगड मांडलेले दिसतील. मोटारसायकलवाले घसरतात, आम्हाला शिव्या देतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

एवढे करून पिकअपमध्ये कट्टे भरून हमीभावाचे खरेदी केंद्र गाठावे आणि ओलाव्याच्या मीटरने साडेतेरा टक्के दाखवले की माल परत. भाडे दोन्हीकडचे आपल्याच अंगावर. मग तीच गाडी आडतीकडे वळते. व्यापारी ओला माल घेतो, कारण त्याच्याकडे वाळवायची जागा आहे. त्याची खरी कमाई त्या जागेत आहे असे माझे मत झाले आहे.

आता हिशेब पाहा. १६ टक्के ओलाव्याचे १०० किलो सोयाबीन १२ टक्क्यांवर आणले तर साधारण साडेपंच्याण्णव किलो उरते. म्हणजे पाणी गेले साडेचार किलो. ५३२८ च्या भावाने त्याची किंमत क्विंटलमागे सुमारे २४२ रुपये. तेवढी कापली तर कोणाची ना नाही. पण केंद्रावरून परत फिरलेल्या मालाला बाजारात याच्या कितीतरी पट खाली जावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली, पण लक्ष्मीपूजन १ तारखेला होऊन गेले होते. सणाचा खर्च, हरभऱ्याचे बियाणे आणि दुकानदाराची उधारी यांपायी अनेकांचे सोयाबीन तोवर चार हजारांच्या आसपास विकून झाले होते.

माल विकू नका, साठवा, असा सल्ला अधूनमधून मिळतो. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. गोदामात तारण ठेवलेल्या सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम, १८० दिवसांसाठी, ६ टक्के व्याजाने. योजना चांगलीच आहे. पण गोदामवालाही कोरडाच माल घेतो, आणि त्याने तसाच घ्यावा. ओले सोयाबीन थप्पीत तापते, त्याला बुरशी लागते. घरी बियाणे म्हणून ठेवलेले तर उगवतच नाही. थोडक्यात, हमीभाव घ्या, तारण घ्या की गोदाम घ्या, आधी वाळवून आणा.

कॅनडातल्या सस्कॅचेवान, अल्बर्टा भागात कॅनोला हे मोहरीसारखे तेलबियांचे पीक घेणाऱ्या कुटुंबांचे दुखणे पुष्कळसे असेच. त्यांच्याही शेंगा तडकतात, आणि जास्त दिवस साठवायचे तर दाणा आठ टक्क्यांपर्यंत सुकवावा लागतो. पण तिथे शेतातच पत्र्याच्या गोल कोठ्या उभ्या असतात, अनेक कोठ्यांना खालून हवा सोडणारा पंखा असतो, आणि माल कधी न्यायचा हे बरेचसे शेतकऱ्याच्या हातात राहते. हजारो एकरांच्या त्या शेतांशी आमच्या चार-पाच एकरांची बरोबरी नाही. घरोघरी कोठी द्या असे मी म्हणतही नाही.

गावाला एक सिमेंटचा वाळवण ओटा द्या. जमिनीपासून उंच, पाणी निथळेल असा, शेजारी पाऊस आला तर कट्टे ओढून घ्यायला शेड. ग्रामपंचायतीत एक तपासलेले मीटर ठेवा, म्हणजे गाडी भरण्याआधीच कळेल. राज्याच्या ‘स्मार्ट’ या कृषी प्रकल्पातून शेतकरी कंपन्यांच्या गोदामांना पैसा मिळतोच, त्यात ओट्याची अट घाला. दुसरे, १२ ते १६ टक्क्यांमधला माल परत न पाठवता वर केलेल्या हिशेबाने वजावट करून घ्यावा आणि केंद्रावरच वाळवावा. १२ ची अट केंद्र सरकारची आहे हे ठाऊक आहे, पण तिच्यासाठी दिल्लीत भांडायचे ते राज्यानेच. आणि प्रत्येक केंद्रावर मीटर शेवटचे कधी तपासले ते लिहून लावा, शेतकऱ्याने मागितले तर दुसऱ्यांदा मोजून द्या.

ओट्यांना वेळ लागेल, मान्य. वजावटीसाठी दिल्लीला पत्र मात्र आजही जाऊ शकते, आणि मीटरच्या तपासणीला तुमचे एक परिपत्रक पुरते. दोन्ही घटस्थापनेच्या आत निघावीत, ही विनंती.

आपला,
औसा तालुक्यातील एक सोयाबीन उत्पादक