नोव्हेंबरात येणं जमणार नाही

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

काल फोनवर जीभ रेटली नाही, म्हणून लिहितेय. दिवाळीला मी येत नाहीये. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही नाही. आणि इथे आणखी एक वर्ष राहायचं म्हणून सोमवारी सही केली. आधी विचारलं असतं तर तुम्ही दोघं ‘राहा’ म्हणाला असता आणि मग आईला आठ दिवस झोप लागली नसती. म्हणून विचारलं नाही. चुकलं असेल तर रागवा, पण रागावून गप्प बसू नका.

बाबा, कारण तुम्हाला लगेच कळेल. क्वार्ट्झ घड्याळात तो दोन दांड्यांचा एवढासा स्फटिक असतो ना, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा? फ्रान्झ गिसिबल या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी तसल्याच स्फटिकाची एक दांडी पक्की बसवली आणि मोकळ्या दांडीला सुई चिकटवली. माझं यंत्र त्यावरच चालतं. सुईच्या टोकाला कार्बन मोनॉक्साइडचा एकच रेणू धरायचा आणि तांब्याच्या तुकड्यावर निजलेल्या माझ्या रेणूवरून ती न टेकवता फिरवायची. थरथर किंचित बदलते, त्यावरून चित्र उमटतं. २००९ मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत पेंटासीन नावाच्या रेणूच्या पाचही कड्या अशाच दिसल्या होत्या. सबंध रेणू जेमतेम दीड नॅनोमीटरचा!

माझा रेणू गेल्या महिन्यात पहाटे पडद्यावर आला. तुम्हाला उठवावंसं वाटलं होतं. पण टोकाची एक कडी पुसट आहे. ती वाकलीय की तिथला बंध तुटलाय, ते ठरत नाही. तेवढ्यासाठी थांबतेय. उन्हाळ्यात यंत्र उघडावं लागलं होतं. मग सगळी हवा काढा, शंभर अंशांच्या वर दिवसचे दिवस तापवा, पुन्हा द्रव हेलियमने उणे २६८ अंशांपर्यंत न्या. आता कुठे ते शांत झालंय, आणि नोव्हेंबरात यंत्रावर माझा नंबर आहे.

आई, थंडीची काळजी करू नकोस. खोली रात्रभर ऊबदार असते, तू दिलेली शाल बसल्या जागी पांघरते. रोज चपाती करते, कांदा-लसूण चटणी अजून अर्धी बरणी शिल्लक आहे. डब्यात भात नेते. संध्याकाळी डॅन्यूब नदीकाठी एक फेरी मारते. पाणी चढलेलं दिसलं की त्या पुराच्या वर्षाची आठवण येते आणि लगेच घरी फोन लावावासा वाटतो.

यंत्राजवळ कुणी मोठ्याने बोललं तरी चित्र हलतं. तेव्हा आपल्या घड्याळांच्या दुकानातल्या टेबलाखाली बसलेली मी आठवते. केसाएवढी कमान उचलताना बाबा म्हणायचे, ‘चिमे, श्वास धर.’ मी अजून धरते. आणि बाबा, तुमचा पितळी चिमटा तुम्ही सगळीकडे शोधलात ना? तो माझ्याकडे आहे. निघताना न विचारता बॅगेत टाकला होता. सुई चिकटवायला तोच वापरते.

आता ऐका. दादा पुण्याहून दोन दिवस आधी येतोय, त्याला ‘कशाला आलास’ म्हणू नका. ऑपरेशनआधी साखर तपासून घ्या, जिलेबी बंद. नंतर थेंब वेळेवर, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, आणि डॉक्टर परवानगी देईपर्यंत भिंग डोळ्याला लावायचं नाही, गिऱ्हाईक कितीही जुनं असो. आई, ९ ते ११ नोव्हेंबरला अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या गर्दीत बाबांना नेऊ नकोस. तू मात्र जा, माझ्या वाटचा नमस्कार कर.

पट्टी काढली की पहिला फोन मला. तुमचे सकाळचे आठ म्हणजे इथे पहाटेचे साडेतीन, तरी करा. मी यंत्रापाशी जागीच असेन.

तुमची,
चिमी